भात्याची जागा

“हे कोणत्या खाणीचं पॅनल आहे, शैलाबाई?”

साहेबांनी माझ्या बोर्डावरचा ट्रेसिंग पेपर उचलून खिडकीच्या उजेडात धरला होता. त्यावर एका ओळीत पाच गोल होते आणि प्रत्येकाखाली स्टेन्सिलनं लिहिलेलं होतं: सूर, गोडी, चढ, उतार, आवाज. आमचा कारखाना कोळसा खाणींसाठी कंट्रोल पॅनल बनवायचा. खाणीतल्या पंपाला गोडी नसते, एवढं साहेबांच्या लक्षात आलं होतं.

“खाणीचं नाही, साहेब. गजाननच्या पेटीचं आहे. लंच टाइममध्ये करते.”

“गजानन पेटी वाजवतो?”

“त्याचे बाबा वाजवायचे.”

साहेबांनी पेपर जागेवर ठेवला. “सरळ रेषेत आहेत ना सगळे? बरं,” म्हणाले आणि गेले. आमच्याकडे परवानगी अशीच मिळायची.

ऐंशीनंतरची एक-दोन वर्षं असतील. मी नागपुरात ड्राफ्ट्समन होते. बाई असले तरी हजेरीपटावर ड्राफ्ट्समनच. फ्रंट पॅनल आखायचं हे माझं काम. फ्रंट पॅनल म्हणजे यंत्राचा चेहरा. मागे तारांचा कितीही गुंता असो, वापरणाऱ्याला फक्त बटणं, नॉब आणि अक्षरं दिसतात. ती कुठे असावीत, हे मी ठरवायचे. सहा वर्षांत माझं एकही पॅनल परत आलं नव्हतं, आणि हे मी लोकांनी न विचारताही सांगत असे.

गजानन आमच्या टेस्टिंगमध्ये होता. घर विणकरांचं. वडिलांनी आयुष्यभर माग चालवला. डाव्या हातानं ठोके देऊन देऊन त्यांचा खांदा निकामी झाला. संध्याकाळी ते पेटी वाजवायचे आणि आई भजन म्हणायची. पेटीचा भाताही डाव्या हातानंच मारायचा असतो. खांदा गेला तशी पेटी बंद झाली, आणि पेटी बंद झाल्यावर आईनं गाणं सोडलं. भजनी मंडळात दुसरे पेटीवाले होते, पण ती त्यांच्याबरोबर बसेना. वर्ष होत आलं होतं.

“घरात कोणी भांडत नाही, ताई,” गजानन मला म्हणाला होता. “पण दोघंही नुसते बसून राहतात. मले पाहवत नाही.”

म्हणून त्यानं जुनी पेटी खोलली. आतल्या सुरांच्या पितळी रीड काढल्या, बोटांखालच्या पट्ट्यांना विजेचे कॉन्टॅक्ट बसवले. मागचा भाताही काढला आणि तिथे एक डबा ठेवला. डब्यातलं एक सर्किट सूर काढायचं, दुसरं त्या सुराचा कर्कशपणा घालवायचं, तिसरं तो किती हळू चढेल नि उतरेल ते ठरवायचं. याला सिंथेसायझर मॉड्यूल म्हणतात असं त्यानं एका मासिकात वाचलं होतं. स्पीकरला जोडलं की वाजायचं. जोर लागतच नव्हता. फक्त डब्याला चेहरा हवा होता.

मी जीव ओतून केलं. ॲल्युमिनियमचा उरलेला पत्रा, पेटीच्या रुंदीचा. पाच नॉब सारख्या अंतरावर, मधला बरोबर मध्यावर. अक्षरं कोरून त्यात काळा रंग भरला. असं देखणं पॅनल मी खाणीसाठीही केलं नव्हतं.

रविवारी दुपारी मी गजाननबरोबर नंदनवन वस्तीत त्याच्या घरी गेले. त्याचे बाबा, मी त्यांना काका म्हणायचे, चटईवर बसले. उजवा हात पट्ट्यांवर ठेवला आणि सूर आला, स्वच्छ, न थरथरता. गजाननचा चेहरा फुलला. काकांनी दोन ओळी वाजवल्या, आणि हात काढून घेतला.

“चांगलं आहे गा,” ते म्हणाले. “हे आपलं आपणच वाजून राहिलं. माझं काय काम?”

काकू दारात उभ्या होत्या, बसल्याच नव्हत्या. मी म्हटलं, “काकू, तुम्ही म्हणा ना.”

“कुठून धरू वं बाई? यायनं भाता ओढला का मले समजे, आता सूर येते. तेवढ्यात मी श्वास घेऊ. हे तर एकदम येते. अंगावरच येते.”

एवढं बोलून त्या चहा ठेवायला गेल्या.

मला राग आला, खोटं कशाला सांगू. पाच नॉबांकडे कोणी पाहिलंसुद्धा नव्हतं. चहाची वाट पाहताना माझी नजर काकांच्या डाव्या हातावर गेली. तो मांडीवर होता. बोटं मिटत होती, उघडत होती. पेटी बंद होती, तरी हात चाललाच होता. त्यांना ते ठाऊक नसावं.

त्या हाताला आयुष्यभर एक जागा होती. ती जागा पेटीच्या मागे डाव्या बाजूला होती, आणि तिथे मी ‘सूर’ आणि ‘गोडी’ अशी अक्षरं कोरून ठेवली होती.

सोमवारी मी गजाननला म्हटलं, “पॅनल अर्धं कापते.”

“काहून? एवढं मस्त झालं ते.”

“नॉब सगळे उजवीकडे घेते. ते एकदा लावले की कोणी हात लावत नाही. डावीकडे जुन्या भात्याची फळी परत बसव.”

“ताई, बाबाचा खांदा. डॉक्टर म्हणते जोर नाही करायचा. त्याच्यासाठीच तर काढला भाता.”

“हवा नको रे भरायला. फळी नुसती हलू दे. ती हलली की आवाज वाढला पाहिजे, थांबली की हळूहळू गेला पाहिजे. हे तुला जमतं की नाही, तेवढं सांग.”

तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन म्हणाला, कपॅसिटर लावला तर जमेल. कपॅसिटर म्हणजे विजेची छोटी टाकी. फळी हलवली की ही टाकी भरते आणि मग सावकाश रिकामी होते. ‘आवाज’ नावाचा पाचवा नॉब आम्ही काढूनच टाकला.

चार नॉब दाटीनं एका कोपऱ्यात आणि अर्धी बाजू मोकळी. साहेबांनी पाहिलं आणि विचारलं, “हे असं लंगडं काहून?”

“माणसासाठी आहे, साहेब,” मी म्हटलं. उत्तर मलाच जरा उद्धट वाटलं, पण ते हसले.

पुढच्या रविवारी काकांनी फळीवर हात ठेवला आणि मान हलवली. “हवा नाही लागून राहिली हाताले.” गजाननानं बापाच्या काळजीनं फळीमागे सगळ्यात नरम स्प्रिंग लावली होती, हाताला दाब जाणवतच नव्हता. मी पिशवीतून थोडी कडक काढली, खाणीच्या बटणात वापरतो ती. त्यानं माझ्याकडे रागानं पाहिलं. काका म्हणाले, “लावू दे गा तिले. खांदा थोडा तर दुखलाच पाहिजे.”

लावली. काकांनी फळी ओढली. ती जुनी लाकडी फळी बिजागरीवर किंचित करकरली, आणि मग सूर आला, आधी बारीक, मग भरून.

काकू आतून आल्या. हात पदराला पुसले आणि काकांच्या उजव्या बाजूला बसल्या. कोणी त्यांना बोलावलं नव्हतं. फळी पुन्हा करकरली, त्यांनी श्वास घेतला आणि भजन धरलं. आवाज बसलेला होता, वर जाताना फाटला. तिसऱ्या ओळीला त्या थांबल्या.

“तुमी पुढं पळून राहिले,” त्या काकांना म्हणाल्या, चांगल्या रागानं. “मले दम तर घेऊ द्या. नेहमीचंच आहे तुमचं.”

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते म्हणाले, “वर्ष झालं. कोणी रागावलं नाही मले.”

“मग चुकीचं वाजवायचं होतं ना, मी रागावले असते,” काकू म्हणाल्या. “धरा आता. पहिल्यापासून.”

गजानन उठून बाहेर गेला. मी बसून राहिले. रडत होते, आणि तेही बरं वाटत होतं.

त्यानंतर नोकरी संपेपर्यंत मी ऑपरेटरला कामावर बसलेला पाहिल्याशिवाय एकही पॅनल आखलं नाही. साहेब म्हणायचे, यानं ड्रॉइंग आठवडाभर उशिरा निघतं. निघायचं खरं.