लसूणघासातलं पाडस

ओमानमध्ये मस्कतहून इब्रीकडे निघालो तेव्हा दोन्ही बाजूंना नुसते उघडे डोंगर. इथे माणसं राहतात तरी कशी, मला कळेना. माझा धाकटा भाऊ युनूस इब्रीच्या पुढे एका अर्बाबच्या (मालकाच्या) बागेत काम बघतो. त्याच्याकडे मी पाहुणी म्हणून चालले होते.

बागेत मात्र खजुरांची सावली, फलजचं (डोंगरातून आणलेल्या पाटाचं) थंड पाणी आणि हिरवागार लसूणघास. कडेचा एक वाफा कुरतडलेला होता.

"रीम खातात," युनूस म्हणाला. "वाळवंटातली हरणं. शिकारीनं संपली होती, सरकारनं पुन्हा आणून सोडली. अर्बाब म्हणतात, तेवढा वाफा त्यांचा."

मी तोंडात बोट घातलं. आमच्याकडे भातात रानडुक्कर शिरलं तर अख्खा गाव काठ्या घेऊन धावतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच वाफ्यात मला पाडस दिसलं. वाळूच्या रंगाचं, मान जमिनीला टेकवून पडलेलं. आई कुठेच नव्हती. आमच्या रायगडात शेळीचं पिल्लू असं एकटं सापडलं की उचलून घरी आणतात, बोटानं दूध चाटवतात. मीही ओढणीत गुंडाळून आणलं. त्यानं हूं की चूं केलं नाही. वाटलं, माझ्यापाशी विसावलं.

युनूसच्या हातातला चहा सांडला. "आपा! हे कुठून उचललंस?"

"एकटं होतं रे. मेलं असतं."

"एकटं कसलं! आई त्याला लपवून चरायला जाते. आता तुझा वास लागला, तिनं घेतलं नाही तर? आणि यांना पकडणं गुन्हा आहे इथे. मला घरी पाठवतील, आपा!"

तेवढ्यात दारात अर्बाबची गाडी थांबली. म्हातारे गृहस्थ. मी ओढणीसकट पाडस पुढे धरलं. युनूसनंच सगळं सांगितलं.

अर्बाबनी पाडसाच्या छातीवर दोन बोटं ठेवली. "डर," मोडक्या हिंदीत एवढंच म्हणाले. मग मलाही तिथे हात ठेवायला लावला. आत नुसता धडधडाट. मी हादरलेच.

त्यांनी त्याच्या अंगाला वाळू आणि चुरडलेला घास चोळला, वाफ्यात ठेवलं. "यल्ला, सब अंदर," म्हणत आम्हाला घरात पिटाळलं.

खिडकीआडून आम्ही बघत राहिलो. ऊन चढलं. कुणी येईना.

"नाही आली तर, अर्बाब?" युनूसनं विचारलं.

"इन्शाल्ला."

अखेर बाभळीमागून मादी आली. तिनं हुंगलं, पाय आपटला, मागे सरली. ती गेली, पुन्हा आली. पाडस लटपटत उठलं आणि आचळाला लागलं.

अर्बाब हसले नाहीत. युनूसला म्हणाले, "बहन को बोलो, जंगल का बच्चा, हाथ नहीं." आणि त्याच्या पाठीवर थाप मारून निघून गेले.

युनूस मटकन खाली बसला. "आपा, उद्यापासून तू स्वयंपाकघरातच मुक्काम कर!"

गावी परतल्यावर बायका विचारतात, काय पाहिलंस? मी बाजार सांगते, खजूर सांगते. हे सांगवत नाही, म्हणून इथे लिहिते. त्या पाडसाला मी मायेनंच मारलं असतं, आणि वाचवायला गेले होते असं आयुष्यभर सांगत राहिले असते.