चुलीवर गेलं की मेलं

सत्त्याण्णव साली नेकनूरात एक बातमी कापसाच्या आधी पिकली. गंगासागरकाकूच्या रानातल्या अळ्या सोमवार धरतात म्हणे. बाई कपिलधारचं तीर्थ शिंपडते, अळी निर्जळी उपास करते आणि वाळून मरते.

सगळं खोटं. काकूंच्या अळ्या पोटभर खायच्या, फक्त खाल्लेलं अंगी लागायचं नाही. वाळत घातलेल्या कारल्याच्या बियांत एकदा बोंडअळी पडली होती. काकूंनी ती मारली नाही, रोज बघत राहिल्या. आठ दिवस अळी बी कुरतडत होती आणि दोऱ्याएवढीच राहिली. तेव्हापासून पिकल्या कारल्याचं बी पाट्यावर कच्चंच वाटायचं, गार पाण्यात भिजवायचं, जुन्या लुगड्यातून गाळायचं आणि कापसावर मारायचं. बियातलं प्रथिन अळीचं पचन बंद पाडतं, हे पुस्तकात असतं. काकूंना पुस्तक लागलं नाही.

पण गावाला साहेब लागतो. त्या वर्षी दुकानं नव्या नव्या कंपन्यांच्या बाटल्यांनी भरली होती आणि अळी त्या पिऊन लठ्ठ होत होती. बाया काकूंकडं बी मागायला लागल्या तसा औषधं विकणारा त्रिंबक बिथरला. जिल्ह्याहून शेती खात्याच्या भगवानराव साहेबांना 'प्रयोगासाठी' घेऊनच आला.

साहेब नाकातून बोलायचे. "सदर बी प्रथम उकळून घ्या."

"उकळू नगा साहेब, वाया जातंय," काकू म्हणाल्या.

"बाई, उकळल्याशिवाय काढा होतो का?"

"काढा कोन म्हनलं? उकळत्या दुधाला विरजन लागतंय का? तसंच हाय हे. चुलीवर गेलं की मेलं."

"सदर विषय आमचा आहे."

पातेलंभर उकळून कापसाच्या दोन ओळींवर मारलं. अळ्या गुबगुबीत झाल्या. पारावर बसून साहेबांनी वहीत लिहिलं, 'सदर उपाय निरुपयोगी व अंधश्रद्धामूलक.' त्रिंबकनं ती ओळ उतरवून दुकानाच्या दाराला चिकटवली. चाळीस वर्षं ज्या बाईला विचारून गाव पेरणी करायचं, तिच्या दारावरून बाया मान खाली घालून जायला लागल्या. उकळलं साहेबांनी आणि खोटी पडली काकू. कुठला हा न्याय?

काकूंनी साहेबांना निरोप धाडला, "एकदा माज्या हातानं हू द्या, मग काय ते लिवा." शेजारच्याच दोन ओळींवर त्यांनी कच्च्या बियाचं गार पाणी मारलं. नवव्या दिवशी साहेब आले. काकूंनी दोन्हीकडची एकेक अळी त्यांच्या तळहातावर ठेवली. एक करंगळीएवढी, दुसरी दोरा. अख्खं गाव बघत होतं.

"आता ती ओळ खोडतील," मी, ही गोष्ट लिहिणाऱ्यानं, तिथंच काकूंशी पैज मारली.

"न्हाई खोडायचे," काकू म्हणाल्या. "हरलास तर कच्चं कारलं खायचं. बियासकट."

"कावून न्हाई खोडायचे? डोळ्यानं बघितलंय की."

"डोळे त्येंचे हायत बाबा, पर वही बी त्येंचीच हाय."

साहेबांनी चष्मा पुसला, पेनाचं टोपण काढलं. जुनी ओळ तशीच ठेवून खाली नवी लिहिली आणि नाकातून वाचून दाखवली. "सदर बी न उकळता वापरल्यास गुण येतो, अशी सुधारणा प्रस्तुत अधिकाऱ्याने सुचविली आहे."

त्रिंबकनं टाळी वाजवली. बाया मात्र वहीकडं न बघता सरळ काकूंच्या पाट्याकडं निघाल्या.

काकू वेलाकडं गेल्या आणि सगळ्यात मोठं कारलं निवडून घेऊन आल्या.