सर्वांत खालचा थर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, ज्यांच्या हाताखाली शिकलो त्या सरांना तर नाहीच. तुम्हाला सांगतोय — का, ते मलाही नीट सांगता येणार नाही.

मी जुन्या वस्त्यांचं उत्खनन करतो, तेच शिकवतो. माझं नाव झालं ते एका लोखंडाच्या तुकड्यामुळे. बारा वर्षांपूर्वी फुलसावंगीजवळच्या एका पांढरीवर, म्हणजे मोडून गेलेल्या गावाच्या टेकाडावर, आम्ही खोदत होतो. मी तेव्हा पीएचडी करत होतो. हंगाम संपत आलेला, आणि माझ्या खड्ड्यात नुसती खापरं. प्रबंधात लिहायचं काय?

खड्ड्यात माझ्यासोबत सोनाबाई असायच्या. शेजारच्या तांड्यावरच्या, कापसाची वेचणी संपली की आमच्याकडे कामाला येत. मातीचा रंग बदलला की माझ्याआधी त्यांना कळायचं. खुरपं थांबवून नुसत्या माझ्याकडे बघायच्या. थर ओळखायला मी पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडून शिकलो — हेही मी कधी कुठे लिहिलं नाही.

त्या दिवशी खड्ड्याची कड ढासळली. वरच्या थराची माती तळाशी आली आणि तिच्यात तो तुकडा. मी पाहिलं होतं. तरी पिशवीवर लिहिलं — सर्वांत खालचा थर. एवढ्या खाली लोखंड, म्हणजे तिथला लोखंडाचा वापर काही शतकं मागे जात होता.

दुपारी सर आले. तुकडा हातात घेऊन खूश झाले. तेव्हा सोनाबाई हळूच म्हणाल्या, "हा वरून पडला न साहेब. मी पाह्यला."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. तेव्हा तरी खरं बोलायला काय झालं होतं?

मी म्हणालो, "यांचा गोंधळ होतो सर. सकाळी पिशव्याही यांनीच मिसळल्या."

पिशव्या कुणीच मिसळल्या नव्हत्या.

सरांनी त्यांना खड्ड्यातून काढून मातीच्या पाट्या वाहायला लावलं. बाकीच्या बाया हसल्या. दुसऱ्या दिवसापासून सोनाबाई आल्याच नाहीत.

आज त्या तुकड्यावर माझी पदवी उभी आहे, नोकरी आहे, माझ्या दोन विद्यार्थ्यांचे प्रबंध आहेत. मागच्या वर्षी एक विद्यार्थिनी म्हणाली, तिथंच शेजारी पुन्हा खोदू या. मी तिचा प्रस्ताव परत पाठवला. कारण काय दिलं, ते सांगायची लाज वाटते. वर्गात तो थर आला की मी फळ्याकडे तोंड करून बोलतो. आता यातून बाहेर निघायचं कुठून?

यंदा महागावला काम निघालं, तिथून तांड्यावर गेलो. सांगायचंच म्हणून गेलो होतो — अगदी नक्की. सोनाबाईंनी लगेच ओळखलं. खाट टाकली, चहा केला. मी तोंड उघडणार, तोच त्या म्हणाल्या, "तुमचं पेपरात आलतं. मंग मले वाटलं, माहीच नजर चुकली असन, साहेब."

मी म्हणालो, "असू द्या, सोनाबाई. होतं असं."

आणि चहा प्यायलो.