येळवशीचं लातूर

सिंधुबाईंसमोर लातूरला नाव ठेवून कुणी सुखानं घरी गेलं, असं सहसा घडत नसे. माहेर लातूरचं, सासर नांदेडचं. लग्नानंतर नांदेडात त्यांनी एकच पालुपद ऐकलं होतं : लातूरला नदी नाही, पाणी खारं, अन् थंडी अशी की माळावरचं वारं हाडं फोडतं. पुढं नवरा वसंतराव लातूरच्या शाळेत मास्तर म्हणून लागले, अन् सिंधुबाई माहेरच्या गावात संसाराला आल्या.

सासऱ्यांना, बापूसाहेबांना, हे मुळीच रुचलं नाही. ते नांदेडच्या कचेरीतले जुने पेशकार. लातूरच्या शाळेचे सदर मुदर्रिस, म्हणजे हेडमास्तर, हमीदसाहेब त्यांच्या ओळखीचे. त्यांच्या एका शब्दावर मुलाची बदली नांदेडला करून घ्यायची, असं ठरवून बापूसाहेब मार्गशीर्षातल्या अवसेला मोटारीनं आले. अवसेला लग्न नाही, मुंज नाही. माणूस घरीच सापडणार, हा हिशेब.

हिशेब तिथंच फसला. त्या अवसेला लातूरचे लोक येळवस म्हणतात. गंजबाजारातल्या पेढ्यांना कुलपं, शाळेला कुलूप, हमीदसाहेबांच्या दारालाही कुलूप. बापूसाहेब कानटोपी ओढत सुनेच्या दारात आले.

"सूनबाई, हे गाव आहे की मसणवटा? रस्त्यावर कुत्रं नाही! उद्याच सामान बांधा."

सिंधुबाईंनी हातातलं आंबिलीचं मडकं काही सोडलं नाही.

"बांधू मामंजी. आधी गाव तर बघा. बसा गाडीत."

बैलगाडी शिवाराला लागली अन् बापूसाहेबांनी कानटोपी वर सरकवली. सगळं लातूर तिथं होतं. शेताशेतात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, कोपीपुढं धूर, पोरांचा कालवा. हिरव्यागार ज्वारीतून कुणीही कुणालाही हाका मारत होतं. येळवशीला रानातच जेवायचं, अन् बांधावरून माणूस उपाशी जाऊ द्यायचा नाही, मग तो वैरी का असेना.

सिंधुबाईंच्या आईनं, साखराबाईंनी, व्याह्यांना अंगावर घोंगडी टाकून शेकोटीजवळ बसवलं. "लई गारठलात की! आमची थंडी वाईटच हाय बघा. पर ती पडली न्हाई तर कणसात दाना भरत न्हाई."

ओल्या दाण्यांच्या अन् भाज्यांच्या भज्जीचा वाडगा आला, बाजरीचे उकडलेले उंडे आले, आंबील आली. बापूसाहेबांनी आधी नुसती जीभ लावली. मग वाडगा पुसला. मग हळूच पुढं सरकवला.

"अजून वाढू, मामंजी?"

"वाढ म्हणजे... उरलीच असेल तर."

इतक्यात कोपीमागून हमीदसाहेब आले, मिशीला आंबील लावून. "अरे पेशकारसाहेब! इकडं कसे? काही काम?"

सिंधुबाईंच्या हातातली पळी हवेतच राहिली. वसंतराव ज्वारीकडं बघत बसले.

बापूसाहेबांनी घोट गिळला. "काम आहे ना. या माणसांना अकला नाहीत, हमीदसाहेब. पाहुण्याला घोंगडी एकच देतात. पुढच्या येळवशीला दोन पाहिजेत, एवढं बजावायला आलो."

साखराबाई हसत सुटल्या. सिंधुबाईंनी पळी भरून भज्जी वाढली, अन् डोळे धुरानं चुरचुरल्याचं सांगितलं.

महिन्याभरानं नांदेडच्या घाटावर कुणीतरी म्हणालं, "लातूर काय, निव्वळ गारठा!"

"येळवशीला गेला होतात?" बापूसाहेबांनी धोतर पिळता पिळता विचारलं.

"नाही बुवा."

"मग गप बसा."

ही गोष्ट सिंधुबाई पुढं जन्मभर सांगत राहिल्या. सांगताना शेवटचे तीन शब्द मात्र अगदी सासऱ्यांच्याच आवाजात म्हणत.