बोर्डावरची सौसरची चिठ्ठी

गुणवंता मेश्राम पांढुर्ण्याला टेलिफोनच्या बोर्डावर कॉल जोडायला बसायचा, ही ब्याऐंशी सालची गोष्ट. घराण्यात खुर्चीवर बसून पगार घेणारा तो पहिलाच. म्हणून मान ताठ, आणि कामात कोणी चूक काढलेली खपायची नाही. एखादी लाइन बंद पडली की कॉल कुठून फिरवायचा, ते चिठ्ठीवर लिहून तो बोर्डाला चिकटवायचा. पोळ्याच्या आधी शेजारच्या सौसर गावासाठी त्यानं एक लावली होती: सौसर बंद, नागपूरकडून द्या.

त्या दिवशी अकराला सावरगावच्या देवकाबाई आल्या. नवरा शेवटच्या घटका मोजत होता आणि सारखं पोराचं नाव घेत होता. पोरगा कवडू सौसरच्या कापसाच्या जिनिंगात कामाला. तो तीनच्या बसनं नागपूरला जाऊन सुरतेची गाडी धरणार होता, त्याला थांबवायचं होतं. साडेअकराची सौसरची बस स्टँडवर उभीच होती.

"बसनं काहून जाता बाई? अर्ध्या तासात फोन लावून देतो," गुणवंता म्हणाला. बाई बाकावर बसल्या.

त्यानं कॉल नागपूरला दिला. बारा वाजले, एक वाजला, काही उत्तर नाही. मधेच नागपूरहून कोणी म्हटलं, "सौसरचा एक कॉल आहे, आमच्याकडून लागत नाही, तुमच्याकडून द्या." गुणवंता खेकसला, "सौसर बंद हाय. तुमीच द्या ना." दोनच्या सुमारास पुन्हा तेच. त्यानं पुन्हा परत धाडला, वर नागपूरवाल्यांच्या अकलेचा उद्धार केला तो वेगळाच. घोडं कुठं पेंड खात होतं, ते त्याच्या ध्यानातच येईना.

"भाऊ, लागून राहिला का?" बाई विचारायच्या.

"लागते, लागते."

तीनला दहा कमी असताना नागपूरनं तिसऱ्यांदा कॉल दिला, तेव्हा नंबरही सांगितला. सौसर, सतरा. गुणवंतानं समोरचं कॉलचं तिकीट पाहिलं. देवकाबाईंचं. सौसर, सतरा. त्याचाच कॉल सकाळपासून नागपूरला जाऊन त्याच्याच दारात येत होता, आणि तोच त्याला हाकलत होता.

त्यानं सौसरच्या लाइनीत पिन खुपसली. घंटी खणखणीत वाजली. परवाच लाइनमन मोतीराम रस्त्यात म्हणाला होता, सौसर सुरू झालं. गुणवंताच्या तोंडात तंबाखूचा खर्रा होता, त्यानं नुसती मान हलवली होती. चिठ्ठी काढायची राहून गेली.

जिनिंगचा मुनीम म्हणाला, कवडू मघाशीच निघाला. त्यानं एक माणूस स्टँडवर धावत पाठवला. तो हात हलवत परत आला, बस निघून गेली होती.

म्हातारा दिवस मावळायच्या आत गेला. कवडू आठ दिवसांनी तार मिळाल्यावर आला.

त्यानंतर देवकाबाई एक दिवस फडक्यात संत्री बांधून आल्या. "भाऊ, तुमी त्या दिवशी माह्यासाठी लय खपले. जेवले बी नाई." गुणवंताला सांगायचं होतं, खरंच सांगायचं होतं. पण ताठ मानेच्या माणसाची जीभ रेटेना. त्यानं संत्री घेतली. घरी नेली, पण त्यातली एकही फोड खाल्ली नाही.

पुढं रिटायर होईपर्यंत तो रोज सकाळी एकेक लाइन स्वतः वाजवून बघायचा. आणि घाईचं माणूस खिडकीशी आलं, की आधी पुढची बस किती वाजता आहे ते सांगायचा.