पाच मोऱ्यांचा रस्ता

नकाशावर मोऱ्या पाच होत्या आणि फक्त माझी सही बाकी होती. मोरी म्हणजे रस्त्याखालून पाणी जायला बांधलेला छोटा पूल. नंदुरबारच्या ऑफिसात साहेबांसमोर मी त्या दोनदा मोजल्या आणि म्हणालो, "हे चूक आहे. पाच असूच शकत नाहीत."

रस्ता मोलगी गावाच्या पुढचा, एका पाड्यापर्यंतचा. कन्सल्टंट पुण्याचा. त्याने ड्रोन उडवला होता, स्वतः मात्र जीपमधून खाली उतरला नव्हता. हे मला ड्रायव्हरने आधीच सांगून ठेवलं होतं.

कन्सल्टंटला मी जे समजावलं ते सातवीतल्या मुलाला कळेल. नाल्याचा उगम पार वर डोंगरात, रस्ता त्याला वळसा घालत नाही. रस्ता डाव्या काठावर सुरू होतो आणि डाव्याच काठावर संपतो. नाला एकदा ओलांडला की तुम्ही पलीकडे, दुसऱ्यांदा ओलांडला की अलीकडे. पाच वेळा ओलांडलात तर समोरच्या काठावर उभं राहून पाड्याकडे बघत हात हलवायचा. रस्ता हवा तसा वाकवा. क्रॉसिंग वाढतील नाहीतर कमी होतील, पण जोडीनेच. सम आकडा समच राहतो. माझी मुलगी एम.एस्सी. करते. तिच्या टोपोलॉजी नावाच्या गणिताच्या पुस्तकात अशा गोष्टीला इन्व्हेरियंट म्हणतात, म्हणजे कितीही ओढाताण केली तरी न बदलणारी. आमच्या ऑफिसात तशी एकच गोष्ट आहे, चहाची वेळ.

कन्सल्टंट म्हणाला, डेटा पाचच दाखवतो. कार्यकारी अभियंता साहेबांनी मात्र विचार केला. क्वचित करतात.

"तुम्हाला विषम चालत नाही ना? मग चार करा. सगळ्यात छोटी मोरी काढून टाका."

ते चेष्टा करत नव्हते. कन्सल्टंटने पेनही उघडलं.

मी सही केली नाही. कारण एकदा कागदावर 'पाडा बारमाही रस्त्याने जोडला' असं लिहिलं गेलं की ती फाईल पुन्हा कोणी उघडत नाही. पावसाळ्यात त्या पाड्यातून अडलेली बाई बांबूला बांधलेल्या झोळीतून खाली आणतात. एक मोरी बांधायची राहिली तर ते तसंच चालू राहणार, आणि कागदावर मात्र रस्ता असणार. मी एक दिवस मागितला. साहेबांनी तो उपकार केल्यासारखा दिला.

दुसऱ्या दिवशी वाटेत पाड्याची आशा सेविका रमिला भेटली. पायी मोलगीला निघाली होती. तिला विचारलं, नाला किती वेळा लागतो?

"सहा ठिकाणी चप्पल हातात घेते, सर," ती म्हणाली. "तुम्ही पाच बांधणार का? मग सहाव्या ठिकाणी मी बाईला कुठे ठेवू?"

मी नकाशावरच्या पाच जागा तिला दाखवल्या. तिला जीपमध्ये घेतलं आणि ते सहावं ठिकाण दाखवायला सांगितलं. तिथे आमच्या कोरीट गावच्या ड्रायव्हरने गाडी थांबवली. "सायेब, आठे नालाच रस्ता शे," तो त्याच्या अहिराणीत म्हणाला. म्हणजे इथे नालाच रस्ता आहे.

खरंच होतं. रस्ता डावीकडून नाल्यात उतरत होता, शे-दीडशे पावलं पात्रातूनच चालत होता आणि उजवीकडे वर चढत होता. ड्रोनच्या फोटोत दोन्ही एकमेकांना चिकटलेले. सॉफ्टवेअरने ठरवलं, रस्ता नाल्याच्या कडेने जातो, क्रॉसिंग नाही. पण नुसतं चिकटणं आणि ओलांडणं यात फरक आहे. कोणत्या बाजूने शिरला आणि कोणत्या बाजूने निघाला, तेवढंच बघायचं असतं. त्यासाठी डिग्री लागत नाही, खाली उतरावं लागतं.

पुढे लगेच नकाशावरची एक मोरी रस्त्याला परत डाव्या काठावर आणत होती. मी काठ चालून पाहिला. डावीकडची दरड थोडी तासली तर रस्त्याला पात्रात उतरायचं कारणच नव्हतं. मग लपलेलं क्रॉसिंग गेलं, आणि परत आणणारी मोरीही गेली. सहातली एक जोडी कमी. उरल्या चार.

नवा नकाशा मी साहेबांपुढे ठेवला. त्यांनी फक्त आकडा पाहिला.

"मी चारच म्हटलं होतं," ते म्हणाले. कन्सल्टंटने मान डोलावली.

माझ्या अगदी ओठावर आलं होतं की साहेब, तुमच्या चारमध्ये दोन ठिकाणी, काढलेल्या मोरीपाशी आणि त्या लपलेल्या क्रॉसिंगला, पाणी रस्ता अडवणार होतं. पण चूक दाखवली की आमचे साहेब फाईल फेरतपासणीला पाठवतात, आणि ती तिथे दोन पावसाळे काढते. "हो साहेब," म्हणालो आणि सही केली.

रस्ता झाला. उद्घाटनाला साहेबांनी पाड्याच्या लोकांना समजावून सांगितलं की नाला पाच वेळा ओलांडून घरी पोचता येत नाही. जन्मभर तो नाला ओलांडणारी माणसं शांतपणे ऐकत बसली. बरोबर उत्तर काढायला मला एक दिवस लागला. ते साहेबांचंच आहे असं त्यांना वाटू देणं, हे त्याहून कठीण काम होतं, आणि आमच्या खात्यात पूल त्यावरच उभे राहतात.

यंदा भर पावसात रमिलाचा फोन आला. अडलेली बाई गाडीतून वेळेवर दवाखान्यात पोचली, मुलगी झाली, दोघी बऱ्या आहेत. ऑफिसात मी हे कोणालाच सांगितलं नाही. साहेबांनी तेही आपल्या नावावर लावून घेतलं असतं.