सासूबाईंच्या विहिरीत फीत

वस्तीत तिला सगळे फीतवालीच म्हणत. विहिरीत फीत सोडायची, टोकाचं वजन डुबुक वाजलं की पाणी किती खाली ते लिहायचं, हे तिचं काम. तिच्या आकड्यांवरून भूजलवाले साहेब नकाशा काढत. जमिनीच्या पोटात पाणी कुठे आणि नुसता कातळ कुठे, ते त्यात दिसे. पूर्वी खोदाईची गाडी जिथे सहज वळेल तिथे बोअर पाडत, आणि ते कोरडं ठणठणीत निघे. यंदा वस्तीला एकच बोअर मंजूर होतं. ते फसलं, तर पुढचे उन्हाळेही टँकरची वाट बघण्यात जायचे.

नकाशावर वस्तीचं वरचं, मळ्याकडचं अंग कोरडं दिसत होतं, म्हणून बोअरची खूण खाली ओढ्याकाठी पडली. गाडी उद्यावर आली असताना फीतवाली सासूबाईंना भेटायला वर मळ्यात गेली. सासूबाई तिथे एकट्याच राहत. त्यांच्या विहिरीच्या रहाटाला गुंडाळलेल्या दोराचं टोक ओलं होतं. ती जागीच थबकली.

वरच्या अंगाला विहीर ही एकच. सासूबाई म्हणाल्या होत्या, आटली. हिने तसंच लिहिलं. एरवी कुणाच्या शब्दावर न विसंबणारी बाई, पण सासूच्या विहिरीत फीत सोडायची म्हणजे त्यांना तोंडावर खोटं पाडायचं.

तिने पिशवीतून फीत काढली तशा सासूबाई आडव्या आल्या. पाणी आहे असं लिहिलं की टँकर बंद, हे त्यांचं गणित. शिवाय चारचौघांत शोभा होईल ती वेगळीच.

"उद्या गाडीने नुसती धूळ उडवली, तर लोक मला फाडून खातील, आई," ती म्हणाली. "मग म्हातारपणी तुमचे पाय कोण चेपणार?"

सासूबाई हसल्या नाहीत, पण बाजूला झाल्या.

डुबुक.

फीत न सोडताच विहीर आटली असं लिहिलं, चूक माझी, एवढंच सांगून तिने साहेबांना फोनवर खरा आकडा दिला. सासूबाईंचा विषय काढला नाही. साहेबांनी चार शब्द सुनावले, मग नकाशा नव्याने मांडला. खूण ओढा सोडून वर, थेट सासूबाईंच्या बांधालगत आली.

गाडी धापा टाकत चढली. किती तरी वेळ धूळच उडाली. सासूबाई पदर नाकाला लावून उभ्या होत्या. मग चिखल आला, आणि त्यामागून पाणी उसळलं.

शेजारीण म्हणाली, "तुमची विहीर तर आटली होती ना हो?"

"आटलीच होती," सासूबाई म्हणाल्या. "सुनेने फीत सोडली, तिच्या धाकाने आलं असेल वर."